नांगर न टाकता

"तुम्ही आल्याशिवाय मी आत जाणार नाही," कुंदा म्हणाली. "डॉक्टरांना सांगून झालंय."

जहाजावरच्या सॅटेलाइट फोनवर आवाज थोडा उशिरा पोचतो. आपण बोलायचं, गप्प उभं राहायचं, मग पलीकडचं ऐकू येतं. त्या मधल्या वेळात मी ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीच्या, खिडकीतून पुढचा डेक बघत होतो. कोळशाने भरलेलं जहाज, आफ्रिकेचा किनारा कधीच मागे गेलेला, चारी बाजूंना पाणी.

मी तिला म्हटलं, वेडेपणा करू नकोस. नूतन आहे, जावई आहेत, तुझा भाऊ आहे. ऑपरेशन डॉक्टर करणार. मी तिथे येऊन काय करणार?

"काही करू नका. बाहेर बसा नुसते." थोडा वेळ फोनमध्ये खरखर झाली. मग ती म्हणाली, "दोन्ही बाळंतपणं तुमच्याशिवाय झाली. घर बांधलं तुमच्याशिवाय. सासूबाई गेल्या तेव्हाही मीच होते. मी कधी काही बोलले का? हे एक मला एकटीने नाही जमायचं."

ती रडत नव्हती. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी सांगत होती. म्हणूनच मला कळलं की ती ऐकणार नाही.

मग फोन नूतनने घेतला. आमची थोरली. तिने सगळं नीट सांगितलं. आईच्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे, बदलायला लागेल. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात पुण्याहून सर्जन येतात. त्यांनी पुढचा नाही, त्याच्या पुढचा शुक्रवार दिला आहे. त्यानंतर ते महिनाभर नाहीत. आणि महिनाभर थांबणं म्हणजे, बाबा, डॉक्टर म्हणाले, मी तुमच्या जागी असतो तर थांबलो नसतो.

"आणि आई म्हणते, तुम्ही नसलात तर ती परत घरी जाणार," नूतन म्हणाली.

कॅप्टन कुरियन रडारसमोर उभे होते. रडारवर काही नव्हतं, तरी बघत होते. मी फोन ठेवल्यावर म्हणाले, "बोल."

मी सांगितलं. ते केरळचे, मी रत्नागिरी जिल्ह्यातला. आमचं बोलणं हिंदीत चालायचं. मी इथे आपल्या भाषेत लिहितो आहे.

ते म्हणाले, "शुक्रवारच्या आधीचा रविवार. रविवारी तुला तुझ्या गावासमोर नेऊन उभा करतो." आणि त्यांनी इंजिनरूमला फोन लावला. फुल अहेड, पूर्ण वेग.

इथे थोडं सांगायला हवं. आमचं जहाज ज्या बंदराला कोळसा घेऊन चाललं होतं ते बंदर आमच्याच गावासमोर आहे. खाडीच्या अलीकडे आमची वाडी, पलीकडे धक्का. माझी नोकरी सारंगाची. नवीन पोरं बोसन म्हणतात. डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आणि जहाज बंदरात येताना सगळ्यात पुढे, नांगराजवळ उभा राहणारा माणूस. आयुष्यभरात आमच्या बंदराला मी चार-पाचदाच आलो असेन. नशीब बघा, त्या खेपेला नेमके तिथेच चाललो होतो.

फुल अहेड झालं की जहाजाच्या लोखंडात एक थरथर सुरू होते, ती चपलांतून पायाला कळते. त्या दिवशी मला ती थरथर फार बरी वाटली. धुराड्यातून काळा धूर निघून मागे लांबत गेला. दुसऱ्या दिवशी माझी पोरं डेकवरची काजळी धूत कुरकुरत होती. मी म्हटलं, धुवा, मुकाट्याने धुवा.

हे सगळं गुरुजींच्या विरुद्ध चाललं होतं.

गुरुजी म्हणजे ब्रिजवरचा एक नवीन पडदा. त्या वर्षी कंपनीने आमच्या जहाजावर बसवला होता. वारा, लाटा, प्रवाह, जहाजाचं वजन, बंदरात कोण उभं आहे, त्याचा माल किती उतरला, हे सगळं गोळा करून तो संगणक सांगायचा, आज या वेगाने चला, या बाजूने चला. कंपनीचं म्हणणं, याने तेल वाचतं, धूर कमी होतो. कोणी सांगितलेलं नसताना हा पुढचं सांगतो, म्हणून खलाशांनी त्याचं नाव गुरुजी ठेवलं. सकाळी चहा घेताना एकजण विचारायचा, आज गुरुजींनी मुहूर्त काय काढला? चीफ इंजिनियर मुखर्जी साहेब तेवढे त्याच्यावर खूश होते, कारण तेल त्यांच्या जिवाला लागायचं. कॅप्टन साहेबांनी त्याला कधी जुमानलं नाही. जहाजावर शेवटचा शब्द कॅप्टनचा, तो कुठल्या पडद्याचा नाही, हे कंपनीनेही लिहून दिलं होतं.

गुरुजी म्हणत होते, हळू चला. बुधवारी पोचा.

---

दोन दिवसांनी मी नांगराच्या यंत्राला ग्रीस लावत होतो तेव्हा सेकंड मेट केतकी सोहोनी पुढे चालत आली. नाशिकची मुलगी, वय माझ्या धाकटीएवढं. जहाजाचा मार्ग आखायचं काम तिचं. चारचौघांत ती मला सारंग म्हणायची, एकटे असलो की काका.

"काका, एक बोलू का? रागावू नका."

मी म्हटलं, बोला मॅडम.

"तुम्ही साहेबांना सांगा, वेग कमी करा म्हणून."

मी हातातलं ग्रीसचं फडकं खाली ठेवलं. तिला म्हटलं, मॅडम, माझ्या बायकोचं ऑपरेशन आहे, तुम्हाला माहीत नसेल.

"माहीत आहे. म्हणूनच आले."

तिने मला समजावून सांगितलं. धक्का एकच. आपल्या आधी दोन जहाजांचे नंबर. रविवारी पोचलो तरी धक्का मोकळा नसणार, म्हणजे बाहेर नांगर टाकून उभं राहायचं. आणि शनिवारपासून बुधवारपर्यंत तिथे लाट मोठी आहे. पावसाळ्यात लाट वाढली की लाँचवाले माणसं न्यायला बाहेर येत नाहीत, जहाज आत नेणारा बंदराचा पायलटही येत नाही. हे मला सांगायची गरज नव्हती.

मी म्हटलं, पण आधी पोचेल त्याचा नंबर आधी लागतो. जन्मभर बघत आलोय. उशिरा गेलो तर मागचा कोणीतरी पुढे घुसेल.

"तसं होतं, काका. या वर्षीपासून नाही. आपण तिकडून निघालो तेव्हाच या बंदराने आपला नंबर लावलाय. आपण धावलो काय, चाललो काय, नंबर तोच. धावलो तर तुम्ही चार दिवस घराकडे बघत उभे राहाल. चाललो तर लाट ओसरताना पोचू आणि सरळ धक्क्याला लागू."

"आणि तुमचा गुरुजी चुकला तर?"

"चुकू शकतो," ती म्हणाली. तिने आढेवेढे घेतले नाहीत. "लाट लवकर ओसरली तर रविवारी जाणं बरं झालं असतं असं होईल. पण मला तसं वाटत नाही."

मी विचारलं, मग हे साहेबांना का सांगत नाही? माझ्याकडे का आलात?

"सांगितलं. ते म्हणाले, मी सारंगला शब्द दिलाय. तो विषय बंद."

मला राग आला होता. तिचा नाही, कोणाचा ते सांगता येणार नाही. मी फडकं उचललं आणि पुन्हा कामाला लागलो. ती निघून गेली.

---

साहेबांनी शब्द का दिला ते मला ठाऊक होतं. जहाजावर दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं.

बंदर नवीन झालं त्या सुमाराची गोष्ट. तेव्हा कुरियन साहेब चीफ मेट होते, कॅप्टनच्या हाताखालचे, आणि मी साधा खलाशी. तेव्हाही कोळसाच होता. मागून दुसरं एक जहाज येत होतं, आणि आमच्या त्या वेळच्या कॅप्टनने हुकूम सोडला, त्याच्या आधी पोचायचं. सगळे जहाजवाले तेच करायचे. जीव खाऊन धावायचं, रांगेत पहिलं उभं राहायचं आणि मग आठवडा आठवडा नांगरावर पडून राहायचं. यात कोणाला कधी काही चुकीचं वाटलं नाही. आम्ही त्या जहाजाला मागे टाकलं तेव्हा डेकवर पोरं नाचली होती.

मग नांगर टाकला आणि पडून राहिलो. आईची तब्येत बिघडल्याचा निरोप आला. लाट होती, लाँच बंद. समोर आमची वाडी, आमच्या घराची कौलं, सुरूची झाडं, सगळं दिसत होतं. एका सकाळी सुरूंच्या पलीकडून धूर वर आला. तिथे आमचं स्मशान आहे. निरोप नंतर आला, पण मला धूर बघूनच कळलं. कुरियन साहेब माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. धूर संपेपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो.

त्यानंतर पुष्कळ वर्षं आम्ही बरोबर काढली. या गोष्टीवर कधी बोललो नाही.

त्या संध्याकाळी मी साहेबांच्या केबिनवर गेलो. ते चष्मा लावून बातम्यांचे कागद वाचत होते.

"साहेब, हळू चला," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. "त्या मुलीने शिकवलं?"

"तिने सांगितलं. म्हणतोय मी."

"मी तुला रविवारी तुझ्या घरासमोर नेतोय आणि तू मला बुधवारी ने म्हणतोस?"

"घरासमोर नको साहेब. घरी न्या."

त्यांनी चष्मा मिटून खिशात घातला. मला वाटलं चिडले. मी म्हटलं, "त्या वेळी आपण पहिले आलो होतो. आठवतं ना? पोरं नाचली होती."

त्यांना आठवत होतं. त्यांनी कागदांची नीट गड्डी केली, पेपरवेट ठेवलं.

"मशीन चुकलं तर?" ते म्हणाले.

"तर तुम्हाला बोल लावणार नाही."

"मला नाही लावणार. स्वतःला लावशील. ते जास्त वाईट." मग फोनकडे हात नेता नेता म्हणाले, "तीस वर्षं मी जहाज पळवायला शिकलो. हळू चालवायला कोणी शिकवलं नाही."

थोड्या वेळाने चपलांखालची थरथर कमी झाली. आता इतक्या वर्षांनी सांगतो, तेव्हा मला वाटलं होतं, मी कुंदाला मारलं.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी मागून एक जहाज आलं आणि आम्हाला ओलांडून जायला लागलं. काळा धूर, जोरात. आमच्याच बंदराला चाललेलं. ब्रिजवरच्या रेडिओवर कोणीतरी चक्क मराठीत माझं नाव घेतलं. तो गजा मयेकर होता. आमच्याच वाडीतला, माझ्या वर्गातला, त्या जहाजाचा सारंग. जहाजाचं नाव बघून त्याने ओळखलं होतं.

"काय रे हऱ्या, बैलगाडी जुंपलीस काय?"

केतकी मॅडम हसू दाबत होती. मी रेडिओ घेतला आणि म्हटलं, हो, बैल म्हातारे झालेत.

"मग चारा घाल त्यांना. मी पुढे जाऊन तुझ्या अंगणात चहा पितो. वहिनींना निरोप आहे काय?"

मी म्हटलं, काही नाही. रेडिओ ठेवला. गजाला काही माहीत नव्हतं. माझ्याने त्याला सांगवलं नाही.

त्याचं जहाज लहान होत होत पुढे गेलं. त्याचा धूर मात्र बराच वेळ दिसत होता. आमच्या धुराड्यावर मी पहिल्यांदाच नीट नजर टाकली. वर नुसती हवा थरथरत होती. मुखर्जी साहेब खालून वर आले, तेही तिकडेच बघत होते. म्हणाले, बघ सारंग, अर्ध्या तेलात चाललोय. तुझ्या डेकवर काजळी पडते का? पडत नव्हती. पोरांना त्यानंतर काजळी धुवायला लागली नाही. पण मला त्या वेळी त्याचं काय होतं?

शनिवारी लाट वाढली. जहाज कुशीवर डोलायला लागलं. रविवारी, ज्या दिवशी आम्ही पोचणार होतो, त्या दिवशी केतकी मॅडमने बंदराची खबर काढली. लाँच बंद. पायलट बंद. नांगरावर चार जहाजं. त्यात गजाचं होतं.

मी सुटकेचा श्वास टाकला, पण पुरता नाही. आणि बरं झालं नाही टाकला. सोमवारी सकाळी मी ब्रिजवर गेलो तर कोणी माझ्याकडे बघेना. साहेब पाठमोरे उभे. पडद्यावर हिरवी रेघ होती ती बदलली होती. गुरुजी म्हणत होते, अजून हळू. बुधवार नाही, गुरुवार. धक्क्यावरच्या जहाजाचा माल उतरवायला वेळ लागतो आहे.

साहेब वळून म्हणाले, "सारंग, बोल. आत्ता वेग वाढवला तर उद्या रात्री बाहेर पोचतो. निदान तिथे असू."

मी केतकी मॅडमकडे बघितलं. तिचे डोळे लाल होते, झोप नव्हती. मी विचारलं, आता?

"काका, मला माहीत नाही," ती म्हणाली. "परवाचा अंदाज होता, हाही अंदाज आहे. पण तिथे जाऊन उभं राहिल्याने धक्का लवकर मोकळा होणार नाही. एवढं मला माहीत आहे."

साहेब खवळले. म्हणाले, हा अंदाज उद्या शुक्रवार म्हणाला तर काय करशील? ती म्हणाली, म्हणू शकतो. त्या मुलीचं मला तेच आवडलं.

मी म्हटलं, साहेब, मला फोन करू द्या.

कुंदा तोवर कोल्हापूरला दाखल झाली होती. मी तिला सगळं सांगितलं, जहाज पळवलं असतं तर काय, हळू नेलं तर काय. गुरुवार म्हणतायत, तोही नक्की नाही. तू शुक्रवारी आत जा. मी असेन नसेन, तू जा.

फोनमधली ती मधली शांतता फार लांबली. मग तिचा हसण्याचा आवाज आला.

"म्हणजे तुम्ही स्वतःहून सांगितलंत, जहाज हळू चालवा म्हणून?"

"हो."

"जन्मात पहिल्यांदा तुम्हाला घाई नाही." मग म्हणाली, "बरं. हळू या. पण या."

मी साहेबांना म्हटलं, गुरुजी म्हणतील तसं चला.

---

गुरुवारी सकाळी किनारा दिसला. लाट उतरली होती, पण समुद्र अजून जड होता. पायलटची बोट उसळ्या मारत आली आणि पायलट दोरीच्या शिडीने वर चढला. तो ब्रिजवर गेला तशी मी माझी पोरं घेऊन पुढे नांगराजवळ गेलो. बंदरात शिरताना नांगर नेहमी तयार ठेवायचा असतो. बांध सोडायचे, ब्रेकवर हात ठेवायचा आणि वायरलेसवर साहेबांच्या हुकमाची वाट बघायची. काही अडलं, धक्का मोकळा नाही म्हणाले, की हुकूम येतो, टाक. माझा हात ब्रेकवर होता आणि कान वायरलेसवर.

नांगरावरची जहाजं एकेक करून बाजूने मागे जायला लागली. तिसरं गजाचं. चार-पाच दिवस लाटांत घुसळून निघालेलं, गंजाचे ओघळ आलेले. कठड्याला टेकून उभी असलेली माणसं आमच्याकडे बघत होती. त्यातल्या एकाने हात वर केला आणि वायरलेस तोंडाशी नेला.

"हऱ्या, कुठे चाललास रे?"

"आत."

"सरळ आत?"

"सरळ."

मग गजा म्हणाला, "चार दिवस घर दिसतंय. माझी बायको अंगणातले कपडे काढताना दिसते, अन् चहा काय मिळत नाही. तू मागून येऊन आत? तुझा नंबर आधी होता काय?"

"आधीच लागलेला होता. धावायची गरज नव्हती." मग मी त्याला सांगितलं. कुंदाचं ऑपरेशन आहे, उद्या, कोल्हापूरला.

त्याचं जहाज आमच्या बरोबर कुशीला आलं होतं. त्याचा चेहरा दिसत होता मला.

"आधी का नाही बोललास?" तो म्हणाला. "बैलगाडी म्हणालो मी."

"बैलगाडीच होती."

"जा," गजा म्हणाला. "जा, जा. मागे बघू नको."

मी मागे बघितलं नाही. डाव्या हाताला आमची वाडी आली. सुरूची झाडं आली. मी तिकडेही बघितलं नाही. धक्क्यावरून आधीचं जहाज नुकतंच सुटलं होतं, टग त्याला ओढून बाहेर काढत होते. आम्ही त्याच्या अगदी शेजारून आत शिरलो. दोर गेले, बांधले गेले. इंजिन थांबलं.

वायरलेसवर साहेबांचा आवाज आला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"सारंग, नांगर बांधून टाक."

मी ब्रेकवरून हात काढला. बोटं आखडली होती, सरळ होईनात. पोरांनीच बांध घातले.

कस्टम, इमिग्रेशन, सगळं साहेबांनी आधीच बोलून ठेवलं होतं. एजंटची गाडी धक्क्यावर उभी होती. शिडीपाशी साहेब स्वतः आले. इतक्या वर्षांत कुठल्या खलाशाला पोचवायला शिडीपाशी आलेलं मी त्यांना बघितलं नव्हतं. हातात हात घेतला, म्हणाले, "या वेळी धूर नको. फोन कर." केतकी मॅडम ब्रिजच्या बाहेर उभी होती. मी वर बघून हात जोडले. तिने मान हलवली, जशी काही रोजचीच सकाळ आहे.

आंबा घाटात पाऊस आणि धुकं होतं. मी ड्रायव्हरला म्हटलं, हळू चला. तो म्हणाला, लोक मला नेहमी उलटं सांगतात.

संध्याकाळी पोचलो. कुंदा पलंगावर उशीला टेकून बसली होती. फार बारीक झाली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"जेवलात?"

मी म्हटलं, नाही.

"नूतन, डब्यात भाकरी आहे. त्यांना दे आधी."

मी जेवलो. ती बघत बसली. सकाळी नर्स आली तेव्हा कुंदाने मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं, बांगड्या दिल्या, आणि बाहेरच्या बाकाकडे बोट केलं. "तिथे बसा." मग नर्सला म्हणाली, चला. दार बंद होईपर्यंत तिने वळून बघितलं नाही. तिला खात्री होती मी बसलेला आहे.

मी बसलो. दुपार झाली, तरी बसलो. सर्जन टोपी काढत बाहेर आले. माणसाने टोपी काढली की मला धडकी भरते. पण ते हसत होते. म्हणाले, झडप बसली. तुमच्या मिसेस शुद्धीवर येताना विचारत होत्या, हे आहेत का बाहेर.

---

त्यानंतर वर्षभरात मी जहाज सोडलं. आम्ही दोघं घरी राहिलो. लग्नाला तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती, पण एका घरात सलग राहायची ती पहिलीच वेळ. सुरुवातीला मी तिच्या मधेमधे यायचो. ती म्हणायची, एखादी लहानशी खेप मारून या. मग सवय झाली.

केतकी एकदा रजेवर असताना आमच्याकडे येऊन गेली. आता ती चीफ मेट आहे, आणखी थोड्या दिवसांत कॅप्टन होईल. कुंदाने तिला सोलकढी वाढली आणि विचारलं, "तो तुमचा गुरुजी अजून आहे का जहाजावर?" केतकी म्हणाली, आता पुष्कळ जहाजांवर आहेत, काकू. कुंदा म्हणाली, "त्याला माझा नमस्कार सांग. आणि म्हणावं, सोमवारी फार घाबरवलंस."

संध्याकाळी मी आणि कुंदा पुढच्या कातळावर जाऊन बसायचो. तिथून समुद्र दिसतो. मी एकदा तिला विचारलं, मी नसताना तू इथे यायचीस का? ती म्हणाली, रोज. नांगरावर जहाजं असायची, त्यांचे दिवे लागायचे. एका ओळीत गाव असावं तसं दिसायचं. मी म्हणायची, यातला एक दिवा त्यांचा असेल. नाही तर दुसऱ्या कोणाच्या तरी माणसाचा आहेच. तिथपर्यंत आलाय आणि घरी येता येत नाही.

गेल्या फाल्गुनात कुंदा गेली. दुपारची पडली होती, उठलीच नाही. मी शेजारच्या खोलीत होतो. हाक मारायला लागली नाही कोणाला, तार नाही, फोन नाही. खांदा मी दिला. गजा आला होता. साहेब केरळहून आले, वय झालेलं, काठी टेकत. सुरूंच्या पलीकडे धूर वर गेला तेव्हा मी आणि साहेब शेजारी उभे होतो. या वेळी मी किनाऱ्यावर होतो.

अजून संध्याकाळी मी कातळावर जातो. आता तिथे दिवे फारसे दिसत नाहीत. जहाज क्षितिजावरून सावकाश येतं, थांबत नाही, सरळ खाडीत शिरतं. समोर नुसता काळोख असतो. एकटाच असतो मी, करमत नाही, तरी त्या काळोखाकडे बघून बरं वाटतं. तिथे आज कोणी अडकलेलं नाही.